सहज आलो होतो

"फलाट चारवर उभी असलेली गाडी आज सुटणार नाही. प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी," आत्याने माइकमध्ये सांगितलं आणि बटण बंद केलं. काचेपलीकडे, खाली, फलाटावरच्या सगळ्या माना एकदम वर वळल्या आणि तिचा उद्धार सुरू झाला. काच जाड होती, म्हणून नुसती तोंडं हलताना दिसत होती.

"बाई, जरा तरी वाईट वाटल्यासारखं बोलत जा," शेजारच्या टेबलावरचा कंट्रोलर म्हणाला. "लोकांची दिवसातली एकुलती गाडी बुडते आणि तुम्ही पाढे म्हटल्यासारखं सांगता."

"वाईट वाटून घेतलं तर गाडी सुटेल का?"

"नाही सुटणार. पण निदान मला शिव्या कमी बसतील."

या बसस्थानकावर आत्याला सगळे 'फ्रीज' म्हणत. तोंडावर नाही, पण पाठ वळायच्या आत. हरवलेलं पोर, सापडलेलं पाकीट, रद्द झालेली गाडी, सगळं त्याच एका आवाजात. एकदा फलाट दोनवरच्या गाडीने पेट घेतला, तेव्हा तिने सांगितलं होतं, "फलाट दोनवरील गाडीस आग लागली आहे. प्रवाशांनी मागील दाराने सावकाश उतरावे." लोक इतके सावकाश उतरले की एका गृहस्थाने खाली येऊन कंडक्टरकडे सुटे पैसे मागितले. पाठीमागे गाडी धडधडून जळत होती.

तेव्हापासून ड्रायव्हर मंडळींत म्हण पडली: फ्रीज बोलला की आगही थंड.

बिचाऱ्यांना काय माहीत, की फ्रीजला थंड राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आत्या अकरा वर्षांची होती तेव्हा ती कुणाची आत्या नव्हती, नुसती एक पायाला भिंगरी बांधलेली पोरगी होती. शाळेच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होती. शेवटची दोरी छातीला लागायच्या आधीच ती पडली. ऊन लागलं असेल, म्हणून आईने डोक्यावर पाणी ओतलं. दुसऱ्यांदा पडली ती दारामागून कुणीतरी 'भॉ' केलं म्हणून. आणि तिसऱ्यांदा वर्गात पहिली आल्याचं कळल्यावर, गुणपत्रिका हातात असतानाच. तेव्हा मात्र घरच्यांनी तिला उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला वायरी लावून पळत्या पट्ट्यावर चालवलं, मग पळवलं, मग घाईघाईने पट्टा थांबवला आणि तिला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं.

"हे बघ बाळ, तुझ्या हृदयाच्या एकेका पेशीत कॅल्शियमची एक कोठी आहे. ठोका पडायचा असला की कोठीची दारं उघडतात, कॅल्शियम बाहेर येतं, स्नायू आवळला जातो. मग ते सगळं परत आत भरायचं, दारं लावून घ्यायची, की स्नायू सैल. जन्मभर हेच चालू. तुझ्या दारांच्या कड्या ढिल्या आहेत. निवांत बसलीस तर काही होत नाही. पण पळालीस, दचकलीस, फार आनंद झाला, की ठोक्याची वेळ नसतानाच दारं उघडतात. मग हृदयाला कळेनासं होतं, आवळायचं कधी आणि सोडायचं कधी."

"मग माझे हातपाय कसे नीट चालतात?"

"तिथेही अशीच दारं असतात. पण त्या दारांचा सुतार वेगळा. हृदयाच्या दारांचा सुतार चुकला."

"कुठला सुतार?"

"तुझ्या आईकडचा नाहीतर बाबांकडचा," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

हे एवढं एक वाक्य त्यांनी गिळलं असतं तर फार बरं झालं असतं. कारण घरी आल्यावर सुतार कोणाकडचा यावरून जे जुंपलं, ते आईबाबा दोघं मरेपर्यंत मिटलं नाही. आमच्याकडे सगळे ठणठणीत, असं दोन्हीकडचे शपथेवर सांगत. आणि या धुमश्चक्रीत डॉक्टरीणबाईंचं दुसरं वाक्य, 'हिच्या धाकट्या भावालाही एकदा तपासून घ्या', पार वाहून गेलं. भाऊ जात्याच सावकाश होता. त्याने आयुष्यात घाई अशी कशाची केलीच नाही, त्यामुळे तो कधी पडलाही नाही.

आत्याला सकाळ-संध्याकाळची गोळी लागली आणि घराला एक नियम लागला: हिला काहीही सांगायचं ते हळूहळू.

आधी 'सहज आलो होतो' म्हणायचं. मग 'जरा बरं नाहीये'. मग 'दाखवून आणलंय'. मग 'ठेवून घेतलंय'. मग 'डॉक्टर प्रयत्न करताहेत'. आणि मग, माणूस पार थंड झाल्यावर, ते शेवटचं. जिना उतरावा तसं एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीवर थांबून आत्याच्या तोंडाकडे बघायचं. आनंदाच्या बातमीलाही हाच जिना. थोरली भाची जन्मली तेव्हा भावाने येऊन सांगितलं होतं, "ताई, मुलगी झाली असावी असं वाटतंय."

"वाटतंय म्हणजे? तू पाहिलीस की नाही?"

"पाहिली. पण तू आधी बस."

यात गंमत होती तोवर गंमत होती. पण आत्याचं लग्न ठरलं आणि मोडलं, तेव्हा सहा महिने घरचे 'तारीख जरा पुढे गेलीय' म्हणत राहिले. मग एका सकाळी तिने काचेतून पाहिलं, तर तिचा तो ठरलेला नवरा फलाट एकवर रांगेत उभा, बायको आणि बॅगांसकट. त्यांची गाडी आत्यानेच पुकारली. आवाजात सुताइतका फरक पडला नाही. आई गेली ती तर तिला 'झोपलीय गं, औषधाची गुंगी आहे' या पायरीवरच कळायची राहिली. सगळं आटोपून लोक आंघोळी करून बसले, तेव्हा शेवटची पायरी आली. आईचं तोंड तिला पाहायला मिळालं नाही.

"तुझ्याच जिवासाठी," भाऊ म्हणाला होता.

यावर काय बोलणार? जिवाचं नाव घेतलं की तोंड आपोआप बंद होतं.

तर त्या दिवशी दुपारी, चार नंबरच्या गाडीच्या शिव्या अजून ओसरल्या नव्हत्या, तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि भाऊ आत आला. इतक्या वर्षांत तो कधी या खोलीचा जिना चढला नव्हता. शर्टाची बटणं एकआड एक लागलेली. पायांत बायकोच्या चपला.

"ताई," तो म्हणाला, "सहज आलो होतो."

आत्याने माइककडे पाहिलं. बटण बंद होतं. तिने ते पुन्हा एकदा बंद केलं.

"कोण?" तिने विचारलं.

"कोण काय?"

"कोणाला काय झालंय?"

"कुणाला काही नाही गं. इकडून चाललो होतो, म्हटलं ताईबरोबर चहा घेऊ."

"बायकोच्या चपला घालून?"

भावाने खाली पाहिलं. हे पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तसं बराच वेळ बघत राहिला.

कंट्रोलर म्हणाला, "जा बाई तुम्ही. मी बोलतो तोवर माइकवर."

स्थानकाच्या उपाहारगृहात कोपऱ्यातल्या बाकड्यावर भावाने तिला बसवलं, चहा मागवला आणि खिशातून तिच्या गोळ्यांची पट्टी काढली. एक गोळी फोडून तिच्या बशीत ठेवली.

"ही घे."

"दुपारची नसते मला."

"आज घे."

आत्याने घेतली. गोळी उतरेपर्यंत तो तिच्या गळ्याकडे बघत राहिला. चहावर साय धरली.

"थोरलीला जरा बरं नाहीये," तो म्हणाला.

थोरली म्हणजे पंधरा वर्षांची भाची. घरात शिरली की आधी दप्तर शिरायचं, मग आवाज, मग ती. जिल्ह्यात धावण्यात पहिली. भिंतीवर तिची पदकं टांगायला खिळे पुरत नव्हते. आत्याला तिची एकही शर्यत बघायची परवानगी नव्हती. थोरलीच घरी येऊन आत्याला शर्यत सांगायची, तीही हळूहळू. "आत्या, समज एक मुलगी होती. ती उभी होती. मग ती थोडीशी चालायला लागली…" आणि दोघी पोट धरून हसायच्या, अर्थात बेताने.

"बरं नाहीये म्हणजे?"

"म्हणजे जरा चक्कर आली. दवाखान्यात नेलं होतं."

हे बोलून त्याने कपाळाचा घाम पुसला, एक अवघड पायरी उतरल्यासारखा. पण दिवसभर 'सुटली आहे', 'सुटली होती', 'सुटेल' यांत जिचं आयुष्य गेलं, तिच्यापुढे असं बोलायचं नसतं. 'नेलंय' म्हणजे पोरगी अजून तिथे आहे, तिच्यावर उपचार चालू आहेत. 'नेलं होतं' म्हणजे परत आणलं. आणि बरं वाटून परत आणलं असतं, तर हा माणूस बायकोच्या चपला घालून इथे आला नसता.

आत्याने दोन्ही हात बाकड्याच्या कडेवर ठेवले.

"कुठे पडली?"

"मैदानावर. सकाळच्या सरावाला."

"पळताना?"

"हो."

"पहिल्यांदाच?"

भावाने चहावरची साय बोटाने बाजूला केली.

"मी काय विचारते?"

"नाही. शाळा सुरू झाली तेव्हा एकदा पडली होती. सर म्हणाले, उपाशी पळाली असेल. मग राज्याच्या संघात नाव आलं, त्या दिवशी घरातच पडली. नाचत होती गं. नाचता नाचताच…"

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं ना. ईसीजीची पट्टी काढली हृदयाची. एकदम साफ निघाली."

"झोपवून काढली?"

"म्हणजे काय, उभ्याने काढतात का?"

"पळवून काढतात," आत्या म्हणाली. "झोपलेल्या माणसाची पट्टी साफच येते. माझी अजून साफ येते. डॉक्टरांनी विचारलं नाही, घरात कुणाला हृदयाचं काही आहे का?"

"विचारलं."

"मग?"

"ही म्हणाली, नाही."

"आणि तू?"

"मी खिडकीतून बाहेर बघत होतो."

शेजारच्या बाकड्यावर एक बाई पोराला बिस्कीट बुडवून भरवत होती. बिस्कीट तुटून चहात पडलं आणि पोर खदखदून हसलं. आत्या त्या पोराकडे बघत राहिली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सहन झालं नसतं, ताई. तुलाच काहीतरी झालं असतं. ही म्हणाली, वन्संच्या कानावर जाऊ द्यायचं नाही."

म्हणजे बघा. पोरीला काय झालंय हे साऱ्या घरात जिला ओळखता आलं असतं, एक शब्द ऐकताच जिने पोरीला उचलून पळत्या पट्ट्यावर नेलं असतं, नेमकं तिलाच हे सांगायचं नव्हतं. तिच्या जिवाला जपायचं होतं ना.

"आता सांग," आत्या म्हणाली.

"काय?"

"राहिलेलं."

भावाने चहाचा कप सरळ केला. पुन्हा सरळ केला. "डॉक्टर म्हणाले, प्रयत्न चालू…"

"गेली ना रे?"

त्याने आधी झटकन तिचं मनगट धरलं आणि नाडीवर बोटं ठेवली. स्वतःची लेक घरात निजवून ठेवलेली, आणि बाप बसस्थानकात बसून बहिणीचे ठोके मोजतोय. ठोके पडत होते. एकामागून एक, शहाण्या पोरांच्या रांगेसारखे.

"ठीक आहेस ना तू?" त्याने विचारलं.

"हो."

मग कुठे त्याने बाकड्यावर डोकं टेकलं.

घरी पोचेपर्यंत दोघं चालतच गेली. रिक्षा केली असती, पण आत्याला घेऊन घाई करायची नाही, हे भावाच्या पायांत भिनलं होतं. गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले लोक बाजूला झाले. दारात चपलांचा ढीग. आणि आत्या उंबऱ्यावर आली तशी आतली सगळी माणसं थोरलीकडे बघायची थांबली आणि तिच्याकडे बघायला लागली.

एकीने खुर्ची पुढे केली. दुसरी पाण्याचा तांब्या घेऊन तयार. तिसरी कुणाला तरी म्हणाली, "अगं, त्यांच्या मागे उभी राहा, पडल्या तर धरायला कोणीतरी पाहिजे." सगळी तयारी झाली होती. फक्त आत्याने पडायचं बाकी होतं.

आत्या पडली नाही. ती सतरंजीवर थोरलीच्या उशाशी जाऊन बसली. पोरीच्या अंगात अजून सरावाचाच बनियन होता, गुडघ्याला मैदानाची माती लागलेली. आत्याने पदराचं टोक ओलं करून ती माती पुसली. एक गुडघा पुसून झाला, मग दुसरा. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तेही सावकाश, बेताने. गोळीने हृदयाच्या दारांना बाहेरून खीळ घातली होती. तिला वाटलं, आज ही खीळ निघावी. आज तरी दारं सताड उघडावीत आणि आत काय भरलंय ते एकदा बाहेर यावं. ठोके आपले पडतच राहिले.

कोपऱ्यात कुजबुज झाली. "डोळ्याला फार पाणी नाही हो."

"सवय असते एकेकाला."

भावजय भिंतीला टेकून बसली होती. तिचा आवाज ओरडून ओरडून बसला होता, पण जेवढा उरला होता तेवढा तिने आत्यासाठी काढला.

"काही झालं नाही ना तुम्हाला, वन्सं?"

"नाही."

"बरं झालं. तुमच्यासाठी या घरात आम्ही इतकी वर्षं कुजबुजत जगलो. दार आपटलं नाही, फटाका फोडला नाही, टीव्हीचा आवाज वाढवला नाही. माझी पोरगी जिंकून यायची आणि दारातच तोंडावर बोट ठेवायची, आत्याला दचकायला नको म्हणून. आणि आज…" ती थांबली. "आज तुमच्या छातीत साधं धस्ससुद्धा झालं नाही."

"मी तुला म्हटलं होतं," आत्या हळू म्हणाली, "दोघींना तपासून घेऊ."

"म्हटलं होतं. आणि मी म्हटलं होतं, तुमचं दुखणं माझ्या लेकींना चिकटवू नका. संघातून काढली असती तिला. उद्या लग्नाला कोण उभं राहिलं असतं? आत्यासारखी होईल, आत्यासारखी होईल, हेच ऐकत मोठी झाली असती." भावजयीने डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, फार जोरात नाही. "तुमच्यासारखी नको होती मला."

कुणीतरी विषय बदलायला म्हणालं, "चला, आता न्यायची वेळ झाली."

न्यायच्या वेळी आत्याला घरात थांबवायचं, हे न सांगता ठरलेलं होतं. पण ती उठली आणि बाहेर चालायला लागली. तिला धरायला कुणी पुढे झालं नाही. जिला काही झालंच नाही, तिला धरायचं कशाला?

संध्याकाळी माणसं पांगली. घरात चार उरली: भाऊ, भावजय, आत्या आणि नऊ वर्षांची धाकटी. आत्या स्वयंपाकघरात पाण्याचा माठ भरत होती, तेव्हा धाकटी मागून येऊन तिच्या साडीला चिकटली.

"आत्या, एक सांगू? पण हळूहळू सांगायला लागेल."

"सांग."

"एक मुलगी होती."

आत्याने तांब्या खाली ठेवला.

"ती दोरीवरच्या उड्या मारत होती. तिच्या मैत्रिणीच्या पन्नास झाल्या होत्या, मग हिला एक्कावन्न मारायच्या होत्या. मग तिला थोडीशी झोप आली."

"उड्या मारता मारता?"

"हो. मग ती उठली. मैत्रिणीने तिच्या तोंडावर पाणी मारलं ना, म्हणून."

"किती मोठी होती ती मुलगी?"

"माझ्याएवढी." धाकटीने साडीचा पदर बोटाला गुंडाळला. "आई म्हणाली, आत्याला सांगायचं नाही. आत्या मरेल. तू मरशील का आता?"

"नाही मरणार."

"खरंच?"

"अगदी खरं. मरायचं मला जमत नाही, आज सगळ्यांनी बघितलं." आत्याने तिला उचललं. इतकी मोठी पोरगी उचलायची तिला मनाई होती.

भाऊ आणि भावजय बाहेरच्या खोलीत दोन भिंतींना टेकून बसले होते. थोरलीची जागा पुसून घेतली होती आणि फरशी अजून ओली होती. आत्या दारात उभी राहिली. या घरात ज्या आवाजात आजवर कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, त्या बसस्थानकाच्या आवाजात तिने सांगितलं.

"धाकटी दोरीवरच्या उड्या मारताना पडली होती. हिलाही तोच आजार असणार. उद्या सकाळी मी हिला मोठ्या दवाखान्यात नेणार आहे."

भावाने दचकून वर पाहिलं. त्याचा हात आपोआप तिच्या मनगटाकडे निघाला आणि अर्ध्यातच थांबला.

भावजय उठून उभी राहिली. "एक गेली तेवढी पुरे नाही झाली? आता हिला पण करून टाका तुमच्यासारखी. गोळ्या चारा, पळू नको म्हणा, हसू नको म्हणा. करा हिचा पण जिवंत दगड."

"आणखी एकदा म्हण," आत्या म्हणाली.

"काय?"

"जिवंत म्हणालीस ना, ते."

भावजयीने धाकटीकडे पाहिलं. पोरगी आत्याच्या खांद्यावर डोकं टेकून, कोण काय बोलतंय ते नीट ऐकत होती. भावजय खाली बसली. मग आडवी झाली आणि ओल्या फरशीवरच तोंड टेकून पडून राहिली.

मोठ्या दवाखान्यातल्या जुन्या डॉक्टरीणबाई आता नव्हत्या. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होता, चष्मा सारखा नाकावर ढकलणारा. त्याने धाकटीला पडल्याचं विचारलं, छाती तपासली, मग म्हणाला, "घरात आणखी कुणाला?"

खोलीला खिडकी होती. भावाला बाहेर बघायचं असतं तर बघता आलं असतं.

"हिला आहे," तो आत्याकडे बोट करून म्हणाला. "काल माझी मोठी मुलगी गेली, तिला होतं. आणि बहुतेक माझ्याकडूनच आलं. मलाही तपासा."

डॉक्टरने लिहिणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बरं."

धाकटीच्या छातीवर वायरी चिकटवल्या. तिला गुदगुल्या झाल्या. मुलीला पळत्या पट्ट्यावर उभं केलं. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला नर्स, भिंतीशी औषधांची आणि विजेच्या झटक्याच्या यंत्राची गाडी तयार. धाकटीने ते सगळं बघून विचारलं, "मी काय करू?"

"पळायचं," डॉक्टर म्हणाला. "आधी चालायचं, मग पळायचं. जरा जरी काही वाटलं तर लगेच सांगायचं."

"जोरात पळायचं?"

"पट्टा नेईल तेवढं."

धाकटीने आत्याकडे पाहिलं. जन्मापासून घरात कुणी तिला मोठ्याने बोलूही दिलं नव्हतं, आणि इथे चक्क पळ म्हणत होते. आत्याने मान हलवली.

पट्टा सुरू झाला. धाकटी चालू लागली. डॉक्टरने वेग वाढवला, ती भरभर चालू लागली, मग तिची दोन्ही पावलं एकदम उचलली गेली आणि ती पळायला लागली. वेणी पाठीवर आपटत होती. थोरलीसारखीच, खांदे जरा पुढे टाकून. आधी ती डॉक्टरकडे बघत होती, मग समोरच्या कोऱ्या भिंतीकडे, आणि मग तिचा चेहरा असा उघडला की भिंतीत तिला मैदान दिसत असावं. ती हसत होती. कुणीही तिला हळू म्हणत नव्हतं.

ठोके दाखवणारा पडदा आत्याच्या उजव्या हाताला होता. आत्याला तो वाचता येत होता. ठोके आधी एकसारखे जातील. मग मधेच एखादा आगाऊ घुसेल, मग आणखी. मग एक वर, एक खाली, एक वर, एक खाली, शिडी लावल्यासारखे. डॉक्टर पडद्याजवळ सरकला. नर्सने गाडीवर हात ठेवला. भावाने "ताई, ते बघ…" म्हणून तिला कोपराने हलवलं.

आत्याने पडद्याकडे पाहिलं नाही. ती पोरीकडे बघत होती. तिला ते सगळं बघून घ्यायचं होतं: गुडघे कसे वर येतात, मुठी कशा आवळल्यात, ओठ कसे विलगलेत.

"बस," डॉक्टर म्हणाला आणि बटण दाबलं.

पट्टा मंदावला. धाकटी पुढच्या दांड्यावर आपटली आणि दांडा धरून धापा टाकत उभी राहिली. नर्सने तिला उचलून पलंगावर ठेवलं. डॉक्टर पडद्याकडे बघत होता, आणि हळूहळू त्याचे खांदे खाली आले. ठोके रांगेत परतले असावेत.

"छान पळालीस," तो म्हणाला. "आजपासून एक गोळी घ्यायची हं." मग आत्याकडे वळून त्याने नुसती मान खाली घातली. सांगायला वेगळं काही नव्हतं.

धाकटीचे गाल लाल झाले होते. तिने वायरींसकट आत्याचा हात ओढला.

"आत्या, पळायला परत कधी यायचं?"

भाऊ पुढे झाला. "येऊ हं, बघू, जरा बरं वाटलं की…"

"तू थांब," आत्या त्याला म्हणाली. ती पलंगाच्या कडेला बसली आणि पोरीच्या कपाळाला चिकटलेले केस मागे सारले.

"परत नाही यायचं," ती म्हणाली. "आता पळायचं नाही. कधीच नाही."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. पुढची पायरी येईल म्हणून थोडा वेळ थांबली. ती आली नाही. मग मुलीने खाली वाकून बुटाची नाडी ओढली, गाठ सुटली नाही, तेव्हा पाय आत्याच्या मांडीवर ठेवला, आणि आत्या गाठ सोडवू लागली.